मनोऱ्यावरची नोकरी आणि ट्रंकेतली प्रशस्तिपत्रे

परीक्षांचे निकाल लागले की आमच्या संगीतवर्गात गाण्यापेक्षा चौकशीच अधिक होते. कुणाला मध्यमेचे प्रमाणपत्र शाळेत दाखवावयाचे असते, कुणाला युवक महोत्सवातल्या बक्षिसाची नक्कल साक्षांकित करून हवी असते. संगीतशिक्षकाकडे लोक सुरांसाठी येतात ही समजूत मी पूर्वीच सोडून दिली आहे. पुष्कळसे लोक सहीशिक्क्यासाठी येतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. परंतु यंदा आलेला एक प्रश्न जरा निराळा होता आणि त्यावर एका मुलीचे एक वर्ष अवलंबून होते, म्हणून त्याची चर्चा या पानावर करावी असे वाटले.

दांडिया बाजारातले एक जुने घर. त्यांच्या तीन पिढ्यांशी आमचा घरोबा. मुलगी पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सातव्या वर्षापासून तबला शिकते आहे आणि तबल्यातले विशारद दाराशी आले आहे. तिला विमान वाहतूक नियंत्रक व्हावयाचे आहे. वडील म्हणाले, "मास्तर, एका क्लासवाल्याने सांगितले की कला, खेळ, एन. सी. सी. यांची प्रमाणपत्रे असली म्हणजे अर्जाला वजन येते. तसे असेल तर विशारद पुरे करू द्या. नसेल तर तिचा तबला वर्षभर बंद करवितो." आई काही बोलल्या नाहीत, पण मुलगी मान खाली घालून ज्या तऱ्हेने बोटांनी मांडीवर ठेका धरून बसली होती, त्यावरून तिचे मत मला कळले.

प्रथम ही नोकरी काय आहे ते सांगतो, कारण आपल्या घरांतून तिच्याविषयी गमतीदार कल्पना आहेत. धावपट्टीपाशी हातात दोन दांडके घेऊन विमानाला जागा दाखविणारा माणूस तो हा नव्हे. नियंत्रक मनोऱ्यात किंवा बंद खोलीत रडारच्या पडद्यापुढे बसतो, कानाला हेडफोन लावतो आणि एकाच वेळी अनेक वैमानिकांशी बोलतो. हरणीच्या विमानतळावर उतरणारी विमाने तर त्याच्या हाती असतातच. पण आपल्या डोक्यावरून नुसती निघून जाणारी, बडोद्याचे नावही न घेणारी विमानेसुद्धा कुठल्या तरी नियंत्रकाच्या हवाली असतात. दोन विमानांत उंचीचे अंतर साधारणतः हजार फूट, आणि ते नसेल तर रडारवर पाच सागरी मैल, विमानतळाजवळ तीन. एवढे अंतर राखणे हाच त्या माणसाचा धर्म.

आपल्या देशात ही भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. पदाचे नाव कनिष्ठ कार्यकारी. पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन बी. एस्सी., अथवा अभियांत्रिकीची पदवी, ज्यात हे दोन्ही विषय कोणत्या तरी सत्रात झालेले असावेत. वय सत्तावीसपर्यंत, आणि नियमाप्रमाणे ज्यांना सवलत आहे त्यांना ती. २०२३ सालच्या जाहिरातीत ४९६ जागा होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ३०९. मूळ वेतन ४०,००० रुपयांपासून सुरू होते. त्यामुळे अर्जांचा ढीग केवढा येत असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

मग निवड कशी होते? संगणकावर दोन तासांची एक परीक्षा, प्रश्न १२०. निम्मे प्रश्न गणित आणि पदार्थविज्ञानाचे. उरलेल्यांत इंग्रजी, तर्कबुद्धी, आकडेमोड आणि थोडे सामान्यज्ञान. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गुणानुक्रम या परीक्षेवरून लागतो. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी, आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, मादक द्रव्यांची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या आहेत; पण त्या पार करावयाच्या असतात, त्यांत गुण मिळवून कुणाच्या पुढे जाता येत नाही. या सबंध वाटेवर तबल्याच्या विशारदाला, कबड्डीच्या ढालीला किंवा वक्तृत्वाच्या चषकाला अर्धा गुणही नाही. महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांना शास्त्रीय कलांच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळतात, त्यावरून आपल्याकडच्या पालकांचा असा ग्रह झाला असावा की सगळीकडे तोच न्याय आहे. तो येथे नाही. क्लासवाल्याने जे सांगितले ते खरे नव्हते, आणि असे सांगून प्रमाणपत्रांचे वर्ग चालविणे हा धंदा मला सभ्य वाटत नाही.

हे ऐकून त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. मला मात्र आमच्या वडिलांची आठवण झाली. ते राजवाड्याच्या चाकरीतले गवई. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. संस्थान विलीन झाल्यावरही त्यांनी गणपतीची आणि दसऱ्याची हजेरी चुकविली नाही. बडोद्याच्या दरबारात कलावंतांचे स्वतंत्र खाते होते आणि त्याचे लेखी नियम होते, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. वडिलांच्या ट्रंकेत दोन-तीन संस्थानांची प्रशस्तिपत्रे होती, रेशमी दोऱ्यात बांधलेली. पण चाकरीत घेताना ती कुणी उघडून पाहिली नाहीत, असे ते सांगत. समोर तंबोरा ठेवला आणि "गा" म्हणाले. वडील हे सांगताना कधी तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. उलट त्यांच्या मते तीच खरी इज्जत होती. कागद वाचून बिदागी देणाऱ्या यजमानाविषयी त्यांना फारसा आदर नसे.

अर्थात कुणी म्हणेल, माणूस सर्व अंगांनी पाहावयास काय हरकत आहे? खेळ खेळलेला, चार लोकांत वावरलेला उमेदवार नुसत्या पढिकापेक्षा बरा नव्हे काय? हा विचार एका मोठ्या देशाने करून पाहिला आणि त्याचे जे झाले ते सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत नियंत्रकांच्या भरतीसाठी विशिष्ट महाविद्यालयांतून तयार होऊन आलेल्या मुलांना प्राधान्य होते. २०१४ साली तेथल्या विमान वाहतूक खात्याने ते काढून घेतले आणि सर्वांसाठी दार उघडून दारातच एक प्रश्नावली ठेवली. तिला नाव दिले चरित्रविषयक प्रश्नावली. तिच्यात अडकला त्याला पुढची बुद्धीची परीक्षा देताच येत नसे. शाळेत असताना तुम्ही किती निरनिराळे खेळ खेळलात, हा तिच्यातला एक प्रश्न होता. शाळेत सर्वांत कमी गुण कोणत्या विषयात पडले, हा दुसरा. आणि पुढे उघड झाले ते असे की ज्याने विज्ञान असे उत्तर दिले त्याला त्याबद्दल भरघोस गुण होते! चार-चार वर्षे त्याच कामाचे शिक्षण घेतलेली मुले या प्रश्नावलीत नापास होऊन घरी बसली. आपण कशात नापास झालो हे त्यांना कुणी सांगेना. हेतू बहुधा चांगला होता, निरनिराळ्या समाजांतली माणसे खात्यात यावीत हा. परंतु खटले झाले, २०१६ साली तेथल्या कायदेमंडळाने कायदा करून त्या प्रश्नावलीला लगाम घातला आणि २०१८ साली खात्याने ती सोडून दिली.

मला या हकिकतीत एक गोष्ट लागते. खेळाची आवड ही चांगली गोष्ट आहे. पण तिचा आकडा करून तो उंबरठ्यावर मागितला की आवडीचेही वाटोळे होते आणि परीक्षेचेही. ज्याला चार खेळ खेळावयास मिळाले तो सुदैवी. ज्याच्या शाळेला मैदानच नव्हते त्याने काय करावे? आपल्याकडची कोरडी, एकशेवीस प्रश्नांची परीक्षा कुणाला प्रिय वाटणार नाही, तरी ती निदान प्रत्येकाला तेच विचारते.

येथे लेख संपावयास हवा होता. परंतु प्रमाणपत्राला गुण नाहीत याचा अर्थ ते मिळविताना जे अंगी लागले त्याचाही उपयोग नाही, असा काही होत नाही. तेव्हा जरा आत शिरून पाहू.

आवाजाच्या चाचणीत उमेदवाराला मोठ्याने वाचावयास, बोलावयास लावतात. आवाज गोड आहे काय हे पाहत नाहीत. जीभ अडखळते का, शब्द तोंडातच राहतो का, हे पाहतात. ज्याने लोकांपुढे बसून पढंत केली आहे त्याला यात भीती नसावी. तबल्याच्या परीक्षेत कायदा किंवा रेला वाजविण्याआधी हातावर ताल धरून तो बोलून दाखवावा लागतो. चौपट लयीत "तिरकिट" आणि "धिरधिर" वेगळे ऐकू आले पाहिजेत. शब्द स्पष्ट, लय स्थिर, श्वास न दिसेलसा. नुसते वाजवून भागविणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. पढंत टाळणारा तबलजी मी सहसा पुढच्या वर्गात जाऊ देत नाही.

पुढचा मुद्दा याहून मोलाचा आहे. आकाशातली भाषा ही आपल्या बोलांसारखीच घडविलेली भाषा आहे. इंग्रजीतला "फाइव्ह" आणि "नाइन" खरखरीत ध्वनीत सारखे ऐकू येतात, म्हणून रेडिओवर "फाइफ" आणि "नायनर" म्हणावयाचे ठरले आहे. "थ्री"चा उच्चार "ट्री" करतात. आमच्या बुजुर्गांनी "ना" आणि "तिं" वेगळे केले तेही याच गरजेतून, कानाची चूक होऊ नये म्हणून. नियंत्रकाने आज्ञा दिली की वैमानिकाने तिचा महत्त्वाचा भाग जशाच्या तसा परत म्हणावयाचा आणि नियंत्रकाने तो नीट ऐकून घ्यावयाचा, चूक असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त करावयाची. तालमीत दुसरे काय होते? गुरूने जागा म्हणावी, शिष्याने म्हणावी, गुरूने ऐकावे. यातली शेवटची पायरी सर्वांत अवघड. शिष्य बरोबरच म्हणणार असे एकदा मनाने धरले की कान ऐकणे सोडून देतो. आपल्याला अपेक्षित असलेला सूर ऐकू येतो, लागलेला येत नाही. तीस-चाळीस वर्षे शिकविलेल्या गवयालाही हा धोका चुकत नाही.

यात किती मोठी गोष्ट पणाला लागलेली असते ते हिंदुस्थानाने पाहिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणात चरखी दादरीजवळ आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसे गेली, एकही वाचला नाही. सौदी विमानाला १४,००० फुटांची मर्यादा घालून दिली होती, कझाक विमानाला १५,००० फुटांची. कझाक विमान त्याखाली उतरले. रेडिओवर बोलणारा त्यांचा माणूस वेगळा आणि विमान हाकणारे वेगळे, शिवाय इंग्रजीचे ज्ञान तोकडे, हे चौकशीत पुढे आले. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानांची उंची दिसत नसे. नियंत्रकाला वैमानिक सांगेल त्यावरच विसंबावे लागे. या आणि अशा अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक दोघांनाही इंग्रजीची कसोटी लावली. मार्च २००८ पासून ती अमलात आली. तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि निदान चौथी गाठावी लागते. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद ही सहा अंगे तपासतात, आणि त्यांत जे सर्वांत दुबळे त्याचीच पायरी उमेदवाराची पायरी धरतात. पाच अंगांत उत्तम आणि एका अंगात लंगडा असलेला लंगडाच ठरतो. हा नियम मला फार आवडला. बैठकीत आम्ही अगदी उलट करतो. तान चांगली असली की बेसुरी आलापी माफ करून टाकतो!

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज या कामात आहे. पहिल्या खेपेस लेखी परीक्षेतच राहिली, दुसऱ्या खेपेस निघाली. गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत तिचे प्रशिक्षण झाले. प्रयागराज आणि हैदराबाद येथेही अशा संस्था आहेत, आणि प्रयागराजची तर १९४८ पासूनची. सुट्टीत आली तेव्हा मी विचारले, तबल्याचा काही उपयोग झाला का? ती म्हणाली, "गुरुजी, तबला येतो का असे मला कुणी कधी विचारले नाही. पण एक कान बोलणाऱ्याकडे आणि एक कान समेकडे ठेवायची सवय होती ना, ती कामाला आली." साथीला बसणाऱ्याला हे लगेच समजेल. गायकाची तान कुठे चालली आहे ते ऐकावयाचे, स्वतःचा ठेका ढळू द्यावयाचा नाही, आणि अकरावी मात्रा चालली असता सोळावीनंतर काय येणार आहे ते मनात धरावयाचे. विमानेही तशीच काही मिनिटांनी कुठे असतील ते आधी पाहावी लागतात. परंतु तिने दुसरीही एक गोष्ट सांगितली, ती आमच्या धंद्याला लागणारी आहे. पहिल्या महिन्यात तिला बोलणी बसत ती वाक्ये फिरविल्याबद्दल. तीच आज्ञा ती दर वेळी थोड्या निराळ्या शब्दांत देई. ख्यालगायकीत ज्याला आपण डोके म्हणतो ते तिथे चालत नाही. ठरलेले वाक्य ठरल्याप्रमाणेच. गाण्यातली हरकत तेथे खरोखरच हरकत ठरते.

तेव्हा संगीत शिकले की नियंत्रक होता येते, असा डांगोरा मला पिटावयाचा नाही. तबला न शिकलेली हजारो माणसे हे काम उत्तम करीत आहेत, आणि माझ्याच वर्गात असे गुणी वादक आहेत की ज्यांच्या हाती मी सायकलसुद्धा निर्धास्तपणे देणार नाही. सवयी कुठूनही लागतात. कुणाला बुद्धिबळातून, कुणाला क्रिकेटच्या यष्ट्यांमागे उभे राहून, कुणाला मोठ्या कुटुंबात चार भावंडांचे डबे भरताना.

एक दार मात्र असे आहे की जेथे या गोष्टींची विचारपूस खरोखर होते. हवाई दलाच्या प्रशासन शाखेतले अधिकारीही हवाई वाहतुकीचे नियंत्रण करतात. त्या वाटेने जाणाऱ्याला लेखी परीक्षेनंतर निवड मंडळापुढे कित्येक दिवस राहावे लागते. गांधीनगरला असे एक मंडळ आहे. तेथे आधी एक माहितीपत्रक भरून घेतात आणि त्यात खेळ, छंद, एन. सी. सी., भूषविलेली पदे यांचे रकाने असतात. मुलाखत बहुतेक त्या पत्रकावरूनच फिरते. पण तेथेही कागद तोलत नाहीत. विशारद लिहिले तर त्याविषयी चार प्रश्न येतील, आणि केवळ रकाना भरण्यासाठी लिहिलेला छंद दोन मिनिटांत उघडा पडेल.

दांडिया बाजारच्या मंडळींना मी जो सल्ला दिला तो असा. लेखी परीक्षेच्या तयारीत पहिला मान गणिताला आणि पदार्थविज्ञानाला. निम्मी परीक्षा तीच आहे. विशारदाची परीक्षा एक सत्र पुढे गेली तर काही बिघडत नाही, तिला वयाची अट नाही. नियंत्रकाच्या परीक्षेला आहे. मात्र हात बंद करू नये. रोज पाऊण तास, संध्याकाळी, अभ्यासाने डोके शिणल्यावर. वडिलांना हे पटावयास वेळ लागला. "ज्याचा अर्जात उपयोग नाही त्यासाठी पाऊण तास?" असे त्यांनी दोनदा विचारले. वहिनी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या: "अर्जासाठी घातलाच नव्हता तिला." त्यावर मला काही जोडावे लागले नाही.

आता एक सूचना, आणि ती आमच्याच बाजूच्या लोकांसाठी. वैद्यकीय तपासणीत कान फार काटेकोरपणे पाहतात. ५००, १,००० आणि २,००० कंपनांच्या सुरांना दोहोंपैकी कोणत्याही कानाची श्रवणहानी ३५ डेसिबलच्या वर चालत नाही, आणि ३,००० कंपनांच्या सुराला ५० च्या वर. गाणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा. म्हणजे या तपासणीतला सर्वांत खालचा सूरही त्याच्या तार सप्तकाच्या निषादाच्या आसपास पडतो. आपले गाणे ज्या पट्टीत चालते तिच्या बरेच वर ही तपासणी चालते, कारण बोलण्यातली व्यंजने त्या वरच्या भागात स्पष्ट होतात. कान बिघडतो तोही आधी तेथेच. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान बहुधा ३,००० ते ६,००० कंपनांच्या टापूत प्रथम दिसते, आणि गाणे ऐकताना ते कळूनही येत नाही. तंबोरा गोडच वाटत राहतो.

आमच्या शहरात नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या मैदानावर ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. माझे तबला-ढोलकवाले विद्यार्थी चार पैसे मिळतात म्हणून त्यांच्या पुढ्यात बसून वाजवितात, आणि परत येताना कानात तार सुटल्यासारखे वाजते म्हणून हसतात. ज्या मुलाला मनोऱ्यावर जावयाचे आहे त्याने क्षेपकाच्या बाजूला बसावे, पुढ्यात नव्हे; कानात बोळे घालावेत; आणि अर्ज करण्याआधी एकदा श्रवणमापन करून घ्यावे. रावपुऱ्यापासून सयाजीगंजापर्यंत कान-नाक-घशाचे डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि काम अर्ध्या तासाचे आहे.